वस्तादांच्या गैरहजेरीत

१२ जानेवारी

काका आज पहिल्यांदा उशीला टेकून बसला. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालंय आणि उजवा हात जिथे ठेवावा तिथेच पडून राहतो. पण मी आत गेले तेव्हा त्याने भुवई उडवली, म्हणजे 'इतका उशीर?' तेवढ्यावर मी बाहेर बाकावर येऊन पोटभर रडून घेतलं. परत गेले तेव्हा काकू त्याला पेज भरवत होती आणि तो दर घासाला तोंड वाकडं करत होता. म्हणजे आमचा माणूस आहे तसाच आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत म्हणून निभावलं. ते श्रेय माझं नाही. मी बँकेत गेले होते. आमच्या होड्यांच्या कारखान्यात रंधा मारता मारता काका खाली बसला तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी कोणाची वाट पाहिली नाही. त्याला फळीवर निजवलं, माल आणायच्या टेम्पोत घातलं आणि इथे आणलं. मी मिस्त्रींचे आभार मानायला गेले तर म्हणाले, "पोरी, जा, डबा खा."

डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्यात. शब्दांची सरमिसळ होईल. पाणी हवं असताना मीठ म्हणतील, तो म्हणायचं तिथे ती म्हणतील. हसू नका आणि सारखं दुरुस्तही करू नका. दुसरं म्हणजे घरी नेल्यावर काही महिने कामाचा विषय काढायचा नाही. रक्तदाब वर गेला तर सगळंच कठीण.

दुसरं मला जड जाणार. आईवडील गेल्यावर काकानेच मला घरी आणि कारखान्यात दोन्हीकडे वाढवलं. गेली वीस-बावीस वर्षं दिवसभरात काय झालं ते संध्याकाळी त्याला सांगते. तो ऐकतो आणि 'हं' करतो. त्या 'हं'वर मी झोपते. आता ही वही. ही काही 'हं' करणार नाही, पण हिचा रक्तदाबही वाढणार नाही.

१५ जानेवारी

काकाने मीठ मागितलं. काकूने मुद्दाम मिठाचीच बरणी पुढे केली. दोघं हसत सुटली. हसायचं नाही हे मी सांगणार होते, पण सुरुवात त्यानेच केली होती.

१९ जानेवारी

काका घरी आला. मी कारखान्यात गेले.

मोठी नाव आहे तशीच उभी आहे. कणा पक्का झालाय, फासळ्या उभ्या आहेत, फळ्या निम्म्या लागल्यात. नदीपलीकडच्या लोकांनी मिळून ती बनवायला दिलीय. त्यांची जुनी नाव इतकी ठिगळं लावलेली आहे की माणसं बसण्याआधी आतलं पाणी उपसावं लागतं. शाळेची मुलं तिच्यातूनच येतात, दवाखान्याला जाणारी माणसं तिच्यातूनच.

सकाळी सगळे कामाआधी उभे राहिले आणि मिस्त्रींकडे बघायला लागले. साहजिक आहे. काकानंतर हाताखालचे पहिले तेच. माझ्या आधीपासून आहेत, आणि उद्या वस्ताद कोण असं कोणी विचारलं असतं तर मीही त्यांच्याकडेच बोट केलं असतं. मिस्त्री मात्र माझ्याकडे बघत राहिले. कोणीच बोलेना, म्हणून मी म्हटलं, वस्ताद परत येईपर्यंत कामाची वाटणी मी सांगत जाईन, बाकी जसं चाललंय तसं. सगळ्यांनी माना हलवल्या. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासणारा म्हातारा, ज्याला आम्ही कापूसच म्हणतो, तो म्हणाला, "चला, तोंड उघडलं कोणीतरी."

जेवणाच्या सुट्टीत मी त्या शब्दाचाच विचार करत होते. वस्ताद. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला लोक वस्ताद म्हणतात, पंक्चर काढणाऱ्यालाही म्हणतात, विशेषतः काम फुकट करून घ्यायचं असेल तेव्हा. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उघडणाऱ्या मांजराला काकू म्हणते, 'मोठी वस्ताद आहे मेली.' शब्द एकच, पण कारखान्यात तो फक्त काकाचा. हा शब्द पगाराच्या पावतीवर नसतो आणि पाटीवर लिहिलेला नाही. कोणी दिला, असं मी लहानपणी काकाला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "मला तरी काय माहीत? एक दिवस हाक आली, मी ओ दिली."

घरी येऊन काकूला सांगितलं की सगळे अजून त्याची जागा राखून आहेत. ती म्हणाली, "तुझा काका वस्ताद खरा. दोन्ही अर्थांनी."

२ फेब्रुवारी

मी दवाखान्याच्या धावपळीत असताना मिस्त्रींनी नवीन लाकूड आणून नाळेच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावल्या होत्या. नाळ म्हणजे नावेचं पुढचं टोक. तिथे फळीला सगळ्यात जास्त पीळ बसतो. वाफ देऊन वाकवायची, गरम असतानाच आवळायची, मग खिळे. काम देखणं झालंय. पण आज उन्हं तिरपी आली तेव्हा मला खिळ्यांच्या डोक्यांपाशी रेघा दिसल्या. केसाएवढ्या. बोट फिरवलं तर लागत नाहीत. नख फिरवलं तर अडतं.

एका खिळ्यापाशी असती तर सोडून दिलं असतं. जवळजवळ प्रत्येकापाशी आहे. लाकूड वरून वाळलेलं दिसत होतं, आतून घाईघाईने भट्टीत सुकवलेलं असणार. असं लाकूड वाकतं, पण मनातून वाकत नाही.

घरी काकाने भुवई उडवली. मी म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय. खोटं बोलायची सवय नसली की डोकं खरंच दुखायला लागतं.

३ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगावं असं ठरवून गेले होते. पण ते नाळेपाशीच होते, चार माणसं आजूबाजूला होती, आणि त्यांनीच विचारलं की काल इतका वेळ इथे काय बघत होतीस. मी रेघा दाखवल्या. त्यांनी चष्मा लावला, खाली वाकले, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले की केसाएवढी चीर आहे, पाण्यात लाकूड फुगलं की मिटते, त्यांनी पूर्वी बघितलंय. मीही बघितलंय. पण एखाददुसरी मिटते, रांगच्या रांग नाही, आणि या नावेत पोरं बसणार आहेत.

मी म्हटलं, या फळ्या काढू या. दोन्ही बाजूंच्या.

कोणी हललं नाही. त्या मिस्त्रींनी निवडलेल्या, त्यांच्या हातांनी लावलेल्या फळ्या. काकाला टेम्पोतून नेणारा हा माणूस, आणि मी त्याच्या कामावर सगळ्यांसमोर काट मारत होते. मिस्त्रींनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"हे तू म्हणतेस, की हा हुकूम आहे?"

'म्हणते' म्हटलं असतं तर बोलणं झालं असतं, वाद झाला असता, कदाचित चहाही झाला असता. आणि फळ्या तिथेच राहिल्या असत्या.

"हुकूम आहे," मी म्हटलं.

मिस्त्रींनी कोपऱ्यातून पहार आणली आणि पहिली फळी स्वतः उचकटली. खिळे निघताना जो आवाज होतो तो दाढ काढल्यासारखा असतो. ती निघाल्यावर त्यांनी पालथी केली, मागची बाजू बघितली आणि कापसाला दाखवली. मागे चीर चांगली बोटभर उघडली होती. मला दाखवली नाही. मीच पुढे होऊन बघितली.

चहाला ते आले नाहीत. दिवसभर फळ्या काढत राहिले.

४ फेब्रुवारी

मिस्त्री मला 'तुम्ही' म्हणाले.

"वाफेची पेटी कधी पेटवायची ते तुम्ही सांगा." मला वाटलं मागे कोणी उभं आहे. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून हा माणूस मला पोरी म्हणतोय. माणूस रागावला तर ओरडतो, भांडतो, मग निवळतो. पण हे 'तुम्ही' म्हणजे दार लावून घेणं झालं.

त्यांनी फळ्या काढल्या हेच खूप, असं स्वतःला समजावलं.

६ फेब्रुवारी

अध्यक्षबाई आल्या. पलीकडच्या मंडळींच्या त्या प्रमुख, निवृत्त परिचारिका, आवाज अजून वॉर्डातलाच. नाळेच्या उघड्या फासळ्या बघून त्यांचा चेहरा उतरला. मी सरळ सांगितलं की लाकूड दगाबाज निघालं, फळ्या काढल्या, तुमची नाव महिनाभर उशिरा मिळेल आणि लाकडाचं नुकसान आमचं. त्या म्हणाल्या की महिनाभर जुन्या नावेत पोरं बसवायला लावणारी तुम्ही कोण? बरोबरच होतं त्यांचं. मग त्यांनी विचारलं, "वस्तादांना हे ठाऊक आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत मिस्त्री मागून म्हणाले, "वस्तादांनीच काढायला लावल्या. आणि बरोबर केलं."

मी खाली मान घालून उभी राहिले. काकाला यातलं अक्षर माहीत नाही. मिस्त्री माझ्यावर एवढे नाराज असूनही माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलले. अध्यक्षबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, आणि एकदम निवळल्या. म्हणाल्या, वस्तादांचा शब्द असेल तर प्रश्न मिटला, जुनी नाव आम्ही कशीबशी रेटू. जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

अशी माणसं मला मिळाली. कशाच्या पुण्याईवर, कळत नाही.

१८ फेब्रुवारी

नवं लाकूड आलं. निवडायला मिस्त्री मला घेऊन गेले, स्वतः वखारीच्या दारात उभे राहिले. "तुम्ही बघा." पुन्हा तेच.

कारखान्यात एक विचित्र प्रकार चाललाय. कोणालाही काही अडलं की दुसरा म्हणतो, 'वस्तादांना विचार.' आणि तो माझ्याकडे येतो. खिळा तांब्याचा की लोखंडी, सांध्यात कापूस किती पदरी, ही फळी चालेल का. सगळ्यांची समजूत अशी दिसते की मी संध्याकाळी काकाला विचारते आणि सकाळी निरोप आणते. मी तर काकाला विचारू शकत नाही. मग मला जे बरोबर वाटतं ते सांगते, आणि ते 'वस्तादांनी सांगितलंय' म्हणून कारखानाभर फिरतं. आज कापूस एका माणसाला दटावत होता, "वस्तादांनी सांगितलं ना तीन पदर, मग तीनच."

तीन पदर मी सांगितले होते. बरोबर आहेत असं वाटतं. पण काकाच्या नावावर मी माझं नाणं चालवतेय, आणि ते खोटं निघालं तर नाव त्याचं जाईल.

२३ फेब्रुवारी

रविवार. मिस्त्री हल्ली दर रविवारी काकाकडे येतात. आज दार लोटून बसले होते. मी चहा घेऊन गेले तर दोघं गप्प झाले. काकाचे डोळे ओले होते. मिस्त्री चहा न घेताच उठले.

त्यांनी फळ्यांचं सांगितलं असणार. मनात साठलेलं माणसाने कुठेतरी ओतायला हवं, कबूल आहे. पण आजारी माणसापुढे? मी काकूला म्हटलं की मिस्त्रींना एकदा डॉक्टरीणबाईंचं बोलणं समजावून सांग. काकू म्हणाली, "रक्तदाब बघितला मी ते गेल्यावर. महिन्याभरात इतका चांगला नव्हता." यंत्र जुनं आहे, बदलायला हवं.

रात्रीच्या जेवणाला काकाने डाव्या हाताने स्वतः भाकरी मोडली आणि पहिला तुकडा माझ्या ताटात ठेवला.

५ मार्च

आज निघायला उशीर झाला. मी दारात चपला घालत होते तेव्हा फोन वाजला आणि काकाने डाव्या हाताने उचलला. लाकडाचा व्यापारी असावा. काका एकेक शब्द शोधत, पण स्पष्ट म्हणाला, "वस्ताद... कामावर... गेल्यात."

स्वतःबद्दल असं, जणू तो तिकडे रंधा मारतोय आणि घरी दुसरंच कोणी बसलंय. आणि 'गेलेत' नाही, 'गेल्यात'. सरमिसळ कमी झाली असं वाटत होतं. काकूकडे बघितलं तर तिने तोंडाला पदर लावून पाठ फिरवली, खांदे हलत होते. बिचारी. मी तिच्या पाठीवर हात ठेवून निघाले.

व्यायाम करून घेणारी मुलगी दुपारी येते, तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली की बाकी सगळे शब्द तर आता नीट येतात त्यांचे, नवल आहे.

१४ मार्च

नाळ पूर्ण झाली. दोन्ही बाजू. उन्हं तिरपी होईपर्यंत थांबले आणि प्रत्येक खिळ्यापाशी नख फिरवलं. कुठे अडलं नाही. मिस्त्री लांबून बघत होते. मी मान हलवली तेव्हा त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि घरी गेले.

मला त्यांना किती काय म्हणायचं होतं.

२० मार्च

आज सगळं उघड केलं.

सांधे भरून झाले, रंगाचा दुसरा हातही वाळला. कापसाने विचारलं की नाव पाण्यात कधी घालायची, वस्तादांचा शब्द येऊ दे म्हणजे दोर आणि पाचरी तयार ठेवतो. तेव्हा माझा धीर सुटला. तीन पदर कापूस काकाच्या नावावर खपला, पण नाव पाण्यात घालायचा शब्द? तो वस्तादाचाच असतो. त्या शब्दावर माणसं पाचरी काढतात आणि नावेच्या पोटाखाली उभी असतात.

सगळ्यांना बोलावलं. सांगून टाकलं. म्हटलं, मी काकाला आजवर एकही गोष्ट विचारलेली नाही. डॉक्टरांची मनाई आहे. लाकूड, खिळे, पदर, रंग, जे काही मी वस्तादांचं म्हणून सांगतेय असं तुम्हाला वाटलं ते सगळं माझ्या डोक्यातलं होतं. तुम्ही त्यांचा शब्द म्हणून पाळलात. आधीच बोलायला हवं होतं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता कोणीतरी हत्यारं खाली ठेवेल.

कापूस म्हणाला, "ताई, तुम्ही कधी म्हणालात का, की वस्तादांनी सांगितलंय?"

मी आठवून बघितलं. नव्हते म्हणाले. तेच म्हणत होते.

"मग? मी रोज या सगळ्यांना सांगतो, वस्ताद म्हणाल्या तीन पदर. वस्ताद म्हणाल्या सांधा पुन्हा उघड." त्याने 'म्हणाल्या' असं म्हटलं, पुन्हा पुन्हा, सगळ्यांसमोर, आणि कोणीही हसलं नाही.

काकाचं समजू शकते, त्याच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती. पण कापसाला तर काही झालेलं नाही.

मी मिस्त्रींकडे बघितलं. माझ्या तोंडून जे निघालं ते मूर्खासारखं होतं. म्हटलं, पण तुम्ही तर माझ्यावर रुसलात. त्या दिवसापासून पोरी म्हणाला नाहीत.

मिस्त्री चष्मा पुसत म्हणाले, "वस्तादांना पोरी कसं म्हणणार?" मग तो डोळ्यांवर चढवून, "मला ती चीर दिसली होती. लावतानाच. म्हटलं, जाईल निभावून. तुमच्या काकांपुढे मी असं कधी केलं नसतं. वस्ताद नाहीत म्हणून केलं. तू हुकूम म्हणालीस तेव्हा कळलं, की आहेत."

मधेच 'तू' आलं होतं. त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मी लक्षात आणून दिलं नाही.

पुढचं काही मला नीट आठवत नाही. कोणीतरी पाणी आणून दिलं. कापूस पुन्हा म्हणाला, "तर मग, कधी?" मी नदीकडे बघितलं, पाणी कुठवर आलंय ते बघितलं आणि म्हटलं, शनिवारी सकाळी.

२१ मार्च

काकूला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, त्या दिवशी फोनच्या वेळी हसू आवरता आवरता जीव गेला माझा, आणि तू येऊन पाठीवरून हात काय फिरवतेस.

मिस्त्री रविवारी काय सांगत होते तेही कळलं. पहिल्याच रविवारी त्यांनी काकाला फळ्यांची सगळी हकीकत सांगितली होती. त्यावर काकाने त्यांच्याकडून ती पुन्हा सांगून घेतली. मग दर रविवारी. 'हुकूम आहे' तिथे आले की काका हात वर करून थांबवायचा आणि म्हणायचा, परत.

मला आजही वाटतं की सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंय. काका आजारी, मी एकटी, म्हणून माणुसकीने. मिस्त्रींना तसं म्हटलं तर ते बघतच राहिले, आणि काम करायला गेले. असू दे. माणुसकीने का होईना, मिळालं ते कमी नाही.

२२ मार्च

सकाळी वारा नव्हता. पलीकडून अध्यक्षबाई आणि शाळेची पोरं जुन्या नावेतून आली, अर्धी पोरं उतरताना पावलं झटकत होती.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली म्हणून काका आला होता, काठी घेऊन, काकूच्या खांद्यावर हात ठेवून. मी त्याच्यासाठी उताराच्या वर खुर्ची मांडली होती, जिथे तो इतकी वर्षं उभा राहून शब्द द्यायचा. त्याने खुर्चीकडे बघितलंही नाही. हळूहळू खाली आला, दोराशी उभ्या असलेल्या माणसांच्या रांगेत मिस्त्रींच्या पलीकडे जाऊन थांबला, डाव्या हाताने दोर धरला आणि इतरांसारखाच वर बघायला लागला. माझ्याकडे.

वर कोणी उरलं नव्हतं. मी गेले. दोन्ही बाजूंच्या पाचरी बघितल्या, नावेखाली कोणी नाही ना ते बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. "सोडा," मी म्हटलं, आणि आवाज माझाच होता.

नाव आधी हललीच नाही. मग पोटातून कण्हल्यासारखी झाली, निघाली आणि नाळ पाण्यात शिरली. पोरांनी गलका केला. मी आत उतरून नाळेच्या फळ्यांना आतून हात लावत फिरले. कोरड्या. दुसऱ्यांदा फिरले. कोरड्या. मिस्त्री माझ्या मागून तेच करत येत होते, माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, हात राहवत नाहीत म्हणून.

आमच्याकडे नवीन नावेत वस्ताद सांगेपर्यंत कोणी पाय ठेवत नाही. अध्यक्षबाईसुद्धा काठावर ताटकळत होत्या. सगळ्यांच्या पुढे काका येऊन उभा होता, काठी फळीवर टेकवून. शब्द शोधायला त्याला वेळ लागला नाही.

"वस्ताद, येऊ का?"

त्याने शिकवलंय त्याप्रमाणे 'या' म्हणायचं असतं. तेवढंच, भारदस्त, एका शब्दात. काठावर सगळे बघत होते. मला ते जमलं नाही. मी वाकून त्याचा उजवा हात, अजून नीट मिटत नाही तो, दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "ये, काका. जपून."